गच्चीवरची तार आणि चारशे किलोमीटरवरचं स्थानक : हॅम रेडिओ समजून घेताना

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलेले शुभांशु शुक्ला जुलै २०२५ मध्ये आपल्याकडच्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरून बोलले. ती बातमी बहुतेकांनी वाचली असेल. त्याआधी मे महिन्यात एक वेगळीच बातमी येऊन गेली होती. लागणाऱ्या परवान्याची माहिती न देता वॉकीटॉकी विकतात, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना नोटिसा बजावल्या होत्या. या दोन बातम्या डोक्यात घेऊन आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "काय रे बाबू, तुझी ती गच्चीवरची तार अंतराळवाली आहे का नोटीसवाली?"

प्रश्न अगदी नेमका होता. यंत्र एकच असतं आणि ते दोन्ही असू शकतं. ते कोणाच्या हातात आहे, त्या माणसाकडे परवाना आहे का आणि तो कुठल्या पट्टीवर बोलतो, यावर सगळं ठरतं. नागपुरातल्या एका हॅम क्लबात मी बरीच वर्षं जातो. जिन्यात उभ्या उभ्या काकूंना जे अर्धवट सांगितलं, ते इथे सविस्तर लिहितो.

हॅम म्हणजे कोण?

हॅम रेडिओला सरकारी कागदावर 'हौशी रेडिओ' म्हणतात. हौशी या शब्दाने थोडा घोटाळा होतो, आपल्याला वाटतं कच्चं काम. भजनी मंडळ आठवा. तिथे कोणी मानधनासाठी गात नाही, पण पेटीवाल्याला सूर कळतो आणि टाळ चुकला तर बुवा थांबवतात. हॅम तसाच असतो. तो परीक्षा देतो, सरकारचा परवाना घेतो, स्वतःचं छोटंसं केंद्र उभारतो आणि जगातल्या दुसऱ्या हॅमशी बोलतो. या बोलण्याचे पैसे घ्यायचे नाहीत आणि धंद्यासाठी ते वापरायचं नाही, ही पहिली अट.

परवान्याबरोबर प्रत्येकाला एक खूण मिळते, तिला कॉल साइन म्हणतात. गाडीच्या नंबरप्लेटसारखीच ती जगात एकमेव असते. एमएच ३१ दिसलं की गाडी नागपूरची हे कळतं, तसं व्हीयू ऐकलं की केंद्र भारतातलं हे जपानमधल्या माणसालाही कळतं. त्यापुढचा आकडाही बोलतो. व्हीयू२ आणि व्हीयू३ आपल्याकडे नेहमीचे, व्हीयू४ अंदमान-निकोबारचा, व्हीयू७ लक्षद्वीपचा.

आता पट्टी म्हणजे काय? इतवारीत जसं लोहा ओळीत लोखंड आणि किराणा ओळीत किराणा, तशी रेडिओतरंगांचीही ओळींनी वाटणी केलेली आहे. विमानांची ओळ वेगळी, पोलिसांची वेगळी, एफएमची वेगळी, मोबाईलची वेगळी. हॅमना त्यांच्या ठरलेल्या ओळी आहेत आणि त्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. नोटिसांमागचं खरं कारण इथेच आहे. बाजारातला स्वस्त सेट कोणाच्याही ओळीत शिरू शकतो. त्याला अडवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे वापरणाऱ्याचं ज्ञान.

तरंग जातो कसा?

एवढं एक कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं, म्हणून इथे जरा थांबू.

तळ्यात दगड टाकला की लाटा उठतात. दोन लाटांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी, आणि एका सेकंदात किती लाटा गेल्या तो आकडा म्हणजे वारंवारता. वारंवारता वाढली की लाटा जवळ जवळ येतात. रेडिओचा हिशेब तर फारच सोपा आहे : ३०० ला मेगाहर्ट्‌झच्या आकड्याने (म्हणजे सेकंदाला किती दहा लाख लाटा) भागा, तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. हॅमची एक पट्टी १४५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास आहे, तिची लांबी सुमारे दोन मीटर. दुसरी ७ मेगाहर्ट्‌झवर, तिची चाळीसच्या वर. म्हणून आम्ही त्यांना 'टू मीटर' आणि 'फॉर्टी मीटर' म्हणतो. अँटेनाही त्याच मापाची. टू मीटरला पाऊण हाताची कांडी पुरते. फॉर्टी मीटरला मात्र दोन बाजूंना साधारण दहा-दहा मीटर तांब्याची तार ताणावी लागते. काकूंना दिसली ती हीच, पाण्याच्या टाकीपासून मागच्या कडुनिंबापर्यंत गेलेली.

या दोन्ही पट्ट्यांचे स्वभाव पार वेगळे आहेत.

टू मीटरचा तरंग सरळ जातो, बॅटरीच्या झोतासारखा. सीताबर्डीच्या किल्ल्यावरून कोणी झोत टाकला तर मध्ये काही आडवं नसेल तिथवर तो दिसेल, पुढे नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिजाची आडकाठी आहेच, त्यात शहरातल्या इमारतींची भर. हातात सेट घेऊन दोघं जमिनीवर उभे असतील तर शहरात तीन-चार किलोमीटर जमले तरी चांगलं म्हणायचं. एक जण दहाव्या मजल्यावर चढला की अंतर कितीतरी वाढतं. उंचीवर 'रिपीटर' बसवतात ते यासाठीच. तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जोरात तेच म्हणतो. शेतातून हाक पोचत नसेल तर मचाणावरचा माणूस ती पुढे देतो, तसं.

फॉर्टी मीटरचा स्वभाव कॅरमच्या स्ट्रायकरसारखा. समोरची सोंगटी सरळ मिळत नसेल तर आपण कडेवर आपटून घेतो. इथे ती कड डोक्यावर असते. जमिनीपासून साधारण ६० किलोमीटरवर सुरू होऊन कित्येकशे किलोमीटर उंचीपर्यंत हवेचा एक विरळ, विद्युतभारित पट्टा पसरलेला आहे. सूर्याची अतिनील किरणं तो बनवतात. त्याला आयनोस्फिअर म्हणतात. ठरावीक वारंवारतेचे तरंग तिथून वाकून खाली परततात आणि हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरतात. मध्ये डोंगर असोत, समुद्र असो, फरक पडत नाही.

ज्यांनी रात्री ट्रान्झिस्टर कानाशी धरून रेडिओ सिलोन ऐकलाय त्यांना हे सांगायची गरज नाही. कोलंबोहून वैदर्भीय खेड्यात आवाज यायचा तो असाच. रात्री मिडियम वेव्हवर लांबलांबची केंद्रं का लागायची, त्याचंही उत्तर इथेच आहे. दिवसा या पट्ट्याचा सगळ्यात खालचा थर तरंग शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि तरंग मोकळे वर जातात. नागपूरचं तर या बाबतीत मोठं नाव आहे. १५६६ किलोहर्ट्‌झवरचा आकाशवाणीचा इथला ट्रान्समीटर १००० किलोवॅटचा, म्हणजे दहा लाख वॅटचा होता. रात्रीचं प्रक्षेपण परदेशातल्या छंदी श्रोत्यांना सापडायचं. आमच्या हातातला सेट पाच वॅटचा, म्हणजे त्याचा दोन लाखावा भाग. तरी तंत्र तेच.

नागपूर देशाच्या मध्यावर असण्याचा फायदा आम्हाला फॉर्टी मीटरवर रोज मिळतो. हवाई अंतर धरलं तर मुंबई सुमारे ६९० किलोमीटर, दिल्ली ८५०, चेन्नई ९००, कोलकाता ९७०. चारही महानगरं एका उडीत. झिरो माइलच्या दगडावर गावांची अंतरं कोरलेली आहेत. तिथे उभा राहिलो की मला दरवेळी वाटतं, हा दगड हॅमसाठीच बसवलाय.

"पण मोबाईल असताना हे काहून?"

काकूंचा पुढचा प्रश्न. आक्षेप घेणारे सगळे इथूनच सुरुवात करतात, आणि त्यात चूक काही नाही.

मी तुम्हाला मोबाईल लावला आणि आपण एकाच बिल्डिंगमध्ये असलो, तरी माझा आवाज थेट तुमच्याकडे येत नाही. तो टॉवरवर जातो, तिथून बहुधा जमिनीखालच्या फायबर केबलने कंपनीच्या मोठ्या केंद्रात, तिथून परत टॉवरवर, मग तुमच्याकडे. या साखळीतल्या प्रत्येक कडीला वीज लागते. शिवाय एका टॉवरवर एका वेळी किती जणांनी बोलायचं याला मर्यादा असते. मोबाईल म्हणजे एसटी. रोजच्या प्रवासाला तिच्यासारखं काही नाही, स्वस्त आणि सगळ्यांसाठी. पण डेपो बुडाला, पूल खचला किंवा सगळं गाव एकदम स्टँडवर आलं, की गाडी मिळत नाही. हॅम रेडिओ म्हणजे सायकल. सावकाश आहे, शिकावी लागते, दमवते. पण डेपोवर अवलंबून नाही.

सप्टेंबर २०२३ ची रात्र नागपूरकर विसरणार नाहीत. २२ तारखेच्या मध्यरात्रीनंतर कोसळलेल्या पावसाने अंबाझरी ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, आणि २३ च्या सकाळी लोकांना बोटींतून काढायला लष्कर आलं. आमच्या भागात वीज गेली होती. फोन लागायचा, तुटायचा. माझ्या मोबाईलची बॅटरी पहाटेच संपली. आम्ही त्या रात्री मोठं काही काम केलं, असं मी म्हणणार नाही. क्लबातले चार-पाच जण हातातल्या सेटवर एकमेकांना सापडलो. कोण कुठे आहे, कुठल्या रस्त्यावर किती पाणी आहे, कोणाच्या घरी म्हातारं माणूस एकटं आहे, एवढं बोललो. एका मित्राच्या आईसाठी औषध पोचवायचं होतं, त्याला कोणत्या बाजूने यायचं ते सांगता आलं. तेवढंच. पण सगळं शांत असताना दर आठवड्याला बोलायची सवय नसती, तर तेवढंही जमलं नसतं. याच कारणासाठी मी हा लेख लिहायला बसलो.

विजेचा हिशेबही सांगून ठेवतो, कारण लोकांना तो खरा वाटत नाही. शंभर वॅटचा घरचा सेट नुसता ऐकताना साधारण एक ते दीड अँपिअर घेतो, बोलताना वीसच्या आसपास. आपल्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धीच वापरली, तरी दिवसभर कान उघडा ठेवून मधूनमधून निरोप देता येतात. वर छोटं सोलर पॅनल असेल तर विदर्भाच्या उन्हात अडचणच नाही.

रविवारी सकाळी क्लबात काय चालतं?

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, सात-आठ जण तारांचं भेंडोळं घेऊन पोहे-तर्री खायला जमलेत. पोहे असतातच. पण त्यानंतर काम सुरू होतं.

कोणी पहिलीच अँटेना बांधत असतो. तार कापायची, मोजायची, उंच लटकवायची, मीटर लावून बघायचं की सेटमधली शक्ती बाहेर जाते की परत येते. परत येत असेल तर बोटभर तार कापायची. माझ्या पहिल्या तारेला तीन रविवार लागले होते. सोल्डरिंग शिकवताना आमचे एक ज्येष्ठ काका कोणालाही घाई करू देत नाहीत. कच्चा टाका दिसला की ते काही न बोलता सोल्डरिंगची कांडी परत हातात देतात.

सेट स्वतः बनवण्याची परंपरा आपल्याकडे चांगली आहे. हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३ च्या सुमारास बिटएक्स नावाचा सेट जगापुढे ठेवला. त्यातल्या कॉइल गुंडाळायला परदेशी मिळणारी खास कडी सापडत नव्हती, तर त्यांनी नळाचे वॉशर वापरले. साध्या दुकानांत मिळणाऱ्या सुट्या भागांतून उभा राहिलेला हा सेट पुढे जगभरच्या हॅमनी बनवला. आमच्याकडची कॉलेजची पोरं बर्डीवरून भाग आणून तो बांधतात. पहिल्यांदा त्यातून आवाज आला की त्यांचं तोंड बघण्यासारखं असतं.

मुलांना सगळ्यात आवडतो तो 'फॉक्स हंट'. कोल्हा म्हणजे एक छोटा ट्रान्समीटर. सेमिनरी हिल्ससारख्या झाडीत तो कुठेतरी लपवायचा, तो दर मिनिटाला पिपाणी वाजवतो, आणि बाकीच्यांनी शोधायचा. शोधायचं यंत्र घरीच होतं : प्लंबिंगच्या पाइपला मोजपट्टीच्या पत्र्याचे तुकडे लावले की दिशा ओळखणारी अँटेना तयार. तीही नसली तर सेट छातीशी धरून स्वतःभोवती हळूहळू फिरायचं. ट्रान्समीटर पाठीमागे आला की आपलं शरीर तरंग अडवतं आणि आवाज पडतो. म्हणजे तो पाठीमागे आहे. जवळ गेल्यावर खरी गंमत येते, कारण सिग्नल इतका जोरात येतो की सगळ्या दिशा सारख्याच वाटतात. मग अँटेना काढून टाकायची, किंवा सेट मुद्दाम जरा शेजारच्या वारंवारतेवर न्यायचा, म्हणजे त्याला कमी ऐकू येतं.

हा खेळ पुढे कामाला येतो. मागच्या वर्षी आमच्या फॉर्टी मीटरवर रोज संध्याकाळी सात वाजता खरखर सुरू व्हायची. तीच युक्ती वापरत गल्लीत फिरलो, तर उगम सापडला एका ओट्यावरच्या एलईडी दिव्यात. आतलं सर्किट हलकं होतं. आम्ही दिवा बदलून दिला, खरखर थांबली.

आणखी एक प्रयोग आम्ही दर पावसाळ्याच्या तोंडावर करतो. फॉर्टी मीटरची तार मुद्दाम खाली, दोन-तीन मीटरवर बांधायची. एरवी उंच अँटेना चांगली. पण खाली बांधलेली तार बहुतेक शक्ती सरळ वर फेकते, कारंज्यासारखी. कारंज्याचं पाणी जसं आजूबाजूलाच पडतं, तसा तरंग वरून परतून तीन-चारशे किलोमीटरच्या परिसरात सगळीकडे उतरतो. गडचिरोली नागपूरपासून हवाई अंतराने दीडशे किलोमीटरच्या आत आहे, पण मध्ये जंगल आणि टेकड्या. मेळघाटचं तेच. टू मीटर तिथे पोचत नाही आणि उंच अँटेनाचा तरंग डोक्यावरून निघून जातो. खाली बांधलेली तार नेमकी मधली जागा भरते. मला विचाराल तर विदर्भातल्या प्रत्येक हॅमला हे एक तंत्र डोळे मिटून यायला हवं.

एका वेळी एकच : नेट

ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वारंवारतेवर हॅम जमतात, त्याला 'नेट' म्हणतात. हजेरीच म्हणा ना. एक जण नियंत्रक असतो, तो नावं पुकारतो, बाकीचे आपली पाळी आली की बोलतात. मोबाईलवर दोघं एकदम बोलू शकतात. इथे बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. दोघांनी एकदम दाबलं तर दोघांचंही वाया जातं. त्यामुळे हॅम आधी ऐकायला शिकतो.

भाषा ठरलेली. 'क्यूएसएल' म्हणजे कळलं, 'क्यूआरएम' म्हणजे दुसऱ्या केंद्राचा अडथळा होतोय, 'क्यूटीएच' म्हणजे ठिकाण, निरोप घेताना 'सेव्हंटी थ्री'. नावाची अक्षरं अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी सांगायची, म्हणजे खरखरीत 'बी' आणि 'डी'चा घोळ होत नाही. निरोप लिहून घ्यायचा, परत वाचून दाखवायचा, वेळ नोंदवायची. रविवारी हे सगळं जरा अतीच वाटतं. निरोपात औषधाचं नाव आणि रक्तगट असतो, तेव्हा वाटत नाही.

खरंच कधी उपयोग झालाय का?

झालाय, आणि आपल्या देशात अनेकदा. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाचं महाचक्रीवादळ आलं, २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं. दोन्हीकडे हॅम सेट घेऊन पोचले आणि निरोपांची वाट मोकळी केली. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती पोर्ट ब्लेअरची हकिगत.

अंदमानात अनेक वर्षं हॅम केंद्र सुरू करायला परवानगी मिळत नव्हती. जगभरातले छंदी व्हीयू४ ऐकायला कान लावून बसले होते. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद यांनी पाठपुरावा करून ती परवानगी मिळवली आणि डिसेंबर २००४ मध्ये चमू घेऊन त्या पोर्ट ब्लेअरला गेल्या. व्हीयू४आरबीआय ही खूण हवेत गेली आणि जगभरातून हाकांचा पाऊस पडला. २६ डिसेंबरच्या सकाळी जमीन हलली, मग त्सुनामी आली. बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क कोलमडला. त्यांनी छंदाचं बोलणं थांबवलं आणि त्याच सेटवरून, त्याच अँटेनावरून कोण जिवंत आहे, कुठे मदत हवी, हे पाठवायला सुरुवात केली. सेट आधीच लागलेला होता, माणसं कितीतरी दिवस रोज त्यावर बोलत होती. संकट आल्यावर पेट्या उघडून जोडाजोड करायची असती तर पहिले मोलाचे तास गेले असते.

शांत दिवसांतही काम असतं. गंगासागरच्या जत्रेत हरवलेल्या माणसांना घरच्यांपर्यंत पोचवण्याचं काम बंगालमधले हॅम वर्षानुवर्षं करतात. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लोटणारा जनसागर ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल, एवढ्या गर्दीत फोन न लागणं म्हणजे काय.

मग मीही सेट घेऊ का?

आधी परवाना, मग सेट. क्रम उलटा केला की गुन्हा होतो. ४४६ मेगाहर्ट्‌झलगतची एक अरुंद पट्टी कमी शक्तीच्या वॉकीटॉकींसाठी परवान्यातून मोकळी ठेवलेली आहे. पण त्यासाठीचा सेटही सरकारी मान्यता असलेलाच हवा, आणि तो हॅम सेट नव्हे.

परीक्षा दूरसंचार विभागाची 'डब्ल्यूपीसी' शाखा घेते. वय १२ पूर्ण असलं की बसता येतं. दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडमध्ये रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम विचारतात. जनरलमध्ये तेच जास्त खोलात, शिवाय मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स, म्हणजे टिंबा-रेघांची लिपी. जनरलवाल्याला जास्त शक्तीने बोलायची मुभा मिळते. नागपुरात विभागाचं वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन आहे, त्यामुळे दिल्ली-मुंबईच्या वाऱ्या कराव्या लागत नाहीत. उत्तीर्ण झाल्यावर अर्ज सरल संचार पोर्टलवर, मग पोलीस पडताळणी, मग कॉल साइन. पडताळणीला वेळ लागतो, धीर धरावा लागतो. अभ्यासात ओहमचा नियम, ट्रान्झिस्टर, अँटेना, तरंगांचा प्रवास. दहावीचं विज्ञान नीट झालेलं असेल तर जड जात नाही.

"यातून हेरगिरी नाही का होणार?"

हा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय, विशेषतः सीमेवर तणाव असला की. हॅमचं बोलणं मुळात उघडं असतं. सांकेतिक भाषा वापरायला बंदी, प्रत्येक बोलण्यात कॉल साइन सांगायची सक्ती, बोलल्याची नोंदवही ठेवायची. जाहिरात नाही, गाणी वाजवायची नाहीत. लपून काही करायचं असेल त्याने ही जागा निवडली तर तो लगेच सापडेल, कारण ऐकणारे हजारो आहेत आणि दिशा शोधणं हा आमचा रविवारचा खेळच आहे. उलट बाजूने हेही खरं, की इथे खासगी काही नसतं. बँकेचे आकडे, घरच्या गोष्टी इथे बोलू नयेत.

"त्या तारेतून किरणं येतात ना?"

येतात. सूर्याचा उजेडही किरणंच असतो. रेडिओतरंगांत अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जा नसते. एक्स-रेचा धोका वेगळ्या जातीचा. फार शक्ती फार जवळून मिळाली तर रेडिओतरंगांनी ऊब निर्माण होते, म्हणून बोलत असताना अँटेनाला हात लावायचा नाही आणि ती माणसांच्या वावरापासून दूर बांधायची. खरी काळजी दोन गोष्टींची घ्यावी. विजेच्या तारांच्या आसपास अँटेना कधीही चढवू नये, यात जीव गेलेले आहेत. आणि आपल्याकडे मे-जूनच्या वादळी दुपारी ढग गडगडायला लागले की सेट बंद करून अँटेनाची केबल सुटी करायची. मी हे दोन्ही नियम कोणासाठीही शिथिल करत नाही.

"जुनं तंत्रज्ञान आहे हो, महाग पण असेल"

खर्च निवडीवर आहे. हातातला साधा सेट काही हजारांत येतो, घरचा मोठा सेट नवा घेतला तर मोबाईलपेक्षा महाग पडतो. पण क्लबात जुने सेट हातोहात फिरतात, आणि तार तर तारच.

जुनं म्हणाल, तर २०१७ साली आलेली एफटी८ ही पद्धत बघा. संगणक १५ सेकंदांत एक छोटा निरोप पाठवतो, आणि माणसाच्या कानाला नुसता फसफसाट ऐकू येतो तिथून समोरचा संगणक तो निरोप उचलतो. ती बनवणाऱ्या दोघांपैकी जो टेलर हे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते, आणि हॅम. आपल्या इस्रोनेही ५ मे २००५ ला हॅमसॅट हा खास हॅमसाठीचा साडेबेचाळीस किलोचा उपग्रह सोडला, आणि तो २०१४ पर्यंत चालला.

आधी नुसतं ऐकून बघा

परवाना मिळेपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने आपला रिसीव्हर इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. वेबएसडीआर म्हणून शोधलात की सापडेल. ७ मेगाहर्ट्‌झवर जा आणि दहा मिनिटं काही न करता ऐका. आधी नुसती सळसळ, मग तिच्यातून आवाज वेगळे व्हायला लागतात.

किंवा एखाद्या हॅमच्या गच्चीवर जा. काकूंना मी असंच एका संध्याकाळी वर बोलावलं. अंतराळ स्थानकावरून त्या दिवसांत चित्रं पाठवत होते, १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर. स्थानक पश्चिमेकडून वर आलं तेव्हा आधी खरखर पातळ झाली, मग किर्र-किर्र असा लयीत येणारा आवाज सुरू झाला. अजनीवरून सुटलेल्या गाडीची शिट्टी पुढे जाताना उतरते, तशी ही वारंवारताही उतरत जाते, कारण स्थानक तासाला २८ हजार किलोमीटरने धावतं. म्हणून मी सेटची चकती थोडी थोडी खाली घेत होतो. लॅपटॉपवर चित्र वरून खाली एकेक ओळ उमटत होतं. पूर्ण व्हायला दोन मिनिटं लागली. काकू हातातली पिशवी खाली ठेवायच्याही विसरल्या होत्या.

नऊ-दहा मिनिटांत आवाज पुन्हा सळसळीत मिसळला.

"परत कधी येते?" त्यांनी विचारलं.

दीड तासाने, मी सांगितलं. पण तोवर पृथ्वी फिरलेली असेल, म्हणून या खेपेला जरा पश्चिमेकडून जाईल. तिकडच्या टाकीपाशी उभं राहावं लागेल.